वैराग्य की आजार?

गेल्या चातुर्मासात माझ्या थोरल्या बंधूंनी पेढीवर जाणे सोडले. आहार घटला, बोलणे खुंटले. पहाटे तीनलाच जाग येई. ‘मी सर्वांना भार झालो आहे,’ असे ते पुटपुटत. घरातील मंडळी म्हणाली, ‘दादांना वैराग्य आले.’ मीही दुजोरा दिला.

वैराग्याने चित्त हलके होते. दादांचे मात्र जड होत चालले होते. दिवाळीनंतर आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सरळ विचारले, ‘जीव नकोसा वाटतो का?’ दादांनी मान डोलावली. मी हादरलो. असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट रुग्णाला बोलता येते, हे तेव्हा कळले.

ही लक्षणे दोन आठवडे जवळजवळ दिवसभर टिकली, तर ते नैराश्य असू शकते. त्याची रूपे निराळी असतात. सौम्य उदासी वर्षानुवर्षे रेंगाळते आणि ‘स्वभावच तसा’ म्हणून दुर्लक्षिली जाते. काही स्त्रियांना ते प्रसूतीच्या सुमारास ग्रासते. द्विध्रुवी विकारात उदासीखेरीज अतिउत्साहाचा काळही येतो. तेव्हा माणूस बेफाम सौदे करतो. त्याचे उपचार वेगळे असतात. शासनाच्या ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी चोवीस तास उपलब्ध असतो.

औषधांचा गुण यायला काही आठवडे लागले. आता दादा सामायिक आटोपून पेढीवर बसतात.

बँकेत कर्जाचा एक हप्ता चुकला तरी आम्ही चौकशी करीत असू. घरच्या माणसाची चौकशी करायला मला चार महिने लागले.