हिंगण्याच्या नाल्याचे खाते

सीताबर्डीहून लोकमान्यनगरला जाणारी मेट्रो सुभाषनगरजवळ आली की खिडकीतून अंबाझरी तलाव दिसतो. नागपूरला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १८७० साली हा तलाव बांधला गेला. आज ते पाणी कोणी ओंजळीत घेणार नाही. पुढच्या स्थानकांवर हिंगणा औद्योगिक वसाहतीतील कामगार डबे सांभाळत उतरतात. निवृत्तीनंतर काही वर्षांनी मीही परवा त्यांच्याबरोबर उतरलो.

हिंगणा हे मूळचे वेणा नदीकाठचे गाव. औद्योगिक वसाहत झाली आणि शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या, हजारो घरांत चूल पेटली. हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु या परिसराचे पाणी काही अंबाझरीकडे उतरते, तर काही वेणेतून हिंगणघाटकडे जाते. येथे नाल्यात जे सोडले जाते, त्याची किंमत खालच्या अंगाचे लोक भरतात.

माझ्या नोकरीची काही वर्षे या भागातील कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. एका कारखान्याची पाहणी मला अजून आठवते. यंत्रे पाहिली, मालाचा साठा मोजला, येणे-देणे ताडून पाहिले. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र फाइलला जोडलेले होते. त्यापुढे बरोबरची खूण केली. शेडच्या मागे जाऊ लागलो, तेव्हा चौकीदार म्हणाला, ‘‘तिकडं नका जाऊ साहेब, लय वास येते.’’ मी गेलो नाही. कर्जाचा प्रत्येक हप्ता वेळेवर आला आणि आमच्या दप्तरी ते खाते निर्दोष ठरले.

परवा त्या शेडच्या मागे जाऊन आलो. कारखान्याच्या दारावर आता दुसरीच पाटी आहे. नाल्यात काळपट पाणी आणि कडेला फेस होता. आज ते पाणी कोणाचे, हे मला सांगता येणार नाही. त्या दिवशी पाहिले असते, तर कदाचित सांगता आले असते. माझ्या सहीचा अपुरेपणा तेथे उभा राहिल्यावर कळला.

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. आपल्यापैकी अनेकांचे मूळ त्या मुलखातले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथील रसायन कारखान्यांनी ‘एच-अ‍ॅसिड’ या रंगद्रव्याच्या कच्च्या मालाचे उत्पादन केले. उत्पादन लवकरच थांबले. पण विषारी गाळ जमिनीत मुरला आणि विहिरींचे पाणी माणसांना, गुरांना, पिकांना निरुपयोगी झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्याने बिघडवले त्यानेच निस्तरण्याचा खर्च द्यावा. तो खर्च ३७.३८५ कोटी रुपये ठरला. कारखानदार अर्जांवर अर्ज करीत राहिले. अखेर २०११ साली न्यायालयाने आदेश दिला : मूळ रक्कम, त्यावर नोव्हेंबर १९९७ पासून द.सा.द.शे. १२ टक्के चक्रवाढ व्याज, शिवाय १० लाख रुपये खर्च.

माझ्यासारख्या बँकेच्या माणसाला हा निकाल चटकन समजतो. दरसाल चक्रवाढीने त्या निकालापर्यंत ही रक्कम सुमारे पावणेपाच पट होते. निसर्गाचे नुकसान म्हणजे दान किंवा दंड नव्हे, ते थकलेले कर्ज आहे, असे न्यायालयाने मानले. ऋणको न्यायालयात वेळ काढतो, तेव्हा धनको असलेले गाव मात्र तेच पाणी पीत असते.

दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात १९८६ सालीच न्यायालयाने म्हटले होते की, धोकादायक उद्योगाला ‘आम्ही काळजी घेतली होती’ ही सबब चालणार नाही आणि कारखाना जेवढा मोठा व सधन, तेवढी भरपाई अधिक. उलट, २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण अधिनियमातील बहुतेक उल्लंघनांसाठीची कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. लहान उद्योजकाला क्षुल्लक चुकीसाठी तुरुंग नको, हे मलाही पटते. पण कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला हा दंड किरकोळ खर्चात टाकता येतो. शुद्धीकरण यंत्रणा चालवण्यापेक्षा दंड स्वस्त पडू लागला, तर लोभाला हिशेबाचाच आधार मिळतो.

आपण व्यापारी माणसे. कोणी अशा कारखान्यांना माल देतो, कोणी त्यांचा माल घेतो, कोणी भागभांडवल गुंतवतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत तलाव शोषणे हेही एक आहे, हे आपल्या घरांत माहीत असते. तलाव न आटवताही निरुपयोगी करता येतो, हे अंबाझरीकाठी दिसते.

दीपावलीला वहीपूजन करताना आपण पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो. ज्याच्याशी आपला मोठा व्यवहार आहे, त्याच्या शेडच्या मागे यंदा त्याआधी एकदा जाऊन यावे. तेथून कोणते पाणी बाहेर पडते, ते डोळ्यांनी पाहावे आणि मगच पुढच्या वर्षाचा सौदा लिहावा. चौकीदार अडवील, तरी जावे.