प्रश्न खरा असतो

ऑनलाइन बुद्धिबळाच्या गटांमध्ये एक साधा प्रश्न विचारायची चोरी झाली आहे. ‘माझं प्यादं शेजारच्या घरात उभं होतं, मग त्यानं तिरकं जाऊन ते मारलं कसं?’ असं एखाद्या नवख्यानं लिहिलं, की खाली पहिलं उत्तर पडतं, ‘गुगल एन पासंट’. त्याखाली दुसरा लिहितो, ‘होली हेल’. तिसरा, ‘न्यू रिस्पॉन्स जस्ट ड्रॉप्ड’. मग ‘अ‍ॅक्च्युअल झोंबी’, मग ‘कॉल द एक्झॉर्सिस्ट’. ही साखळी जगभर अशीच चालते. आरतीनंतर ‘घालीन लोटांगण’ सुरू झालं की पुढची ओळ सगळ्यांच्या तोंडी आपोआप येते, तसंच हे. ज्यांना पाठ आहे त्यांना एकत्र असल्याचा आनंद मिळतो आणि ज्याला पाठ नाही तो मध्येच मुका उभा राहतो. विचारणारा मात्र उत्तरासाठी आलेला असतो.

मी बुद्धिबळ शिकले सांगलीत, आजोबांकडून, देशी पद्धतीनं. त्यात प्यादं पहिल्या चालीतही एकच घर सरकायचं, आणि शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्याची चाल मिळायची. युरोपात प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरांची उडी मिळाली आणि त्या उडीच्या जोरावर शत्रूच्या माऱ्यातून अलगद निसटता येऊ नये म्हणून एन पासंटचा नियम आला. दोन घरं उडालेलं प्यादं शत्रूच्या प्याद्याच्या बरोबर शेजारी येऊन थांबलं, तर ते एकच घर पुढे आलंय असं धरून त्याला मारता येतं. पण लगेचच्या चालीत, नंतर नाही. देशी डावात उडीच नाही, त्यामुळे हा नियमही नाही. घरी आजी-आजोबांकडून शिकलेल्या मुलाला तो ठाऊक नसणं अगदी साहजिक आहे. मला तो नूतन बुद्धिबळ मंडळात येणाऱ्या एका काकांनी समजावला. बोलता बोलता पटावरची बाकीची मोहरी बाजूला सारली, दोन प्यादी मांडली आणि म्हणाले, ‘आता तू मार बघू.’ शिकवणं म्हटलं की मला अजून तेच आठवतं.

२०२० च्या टाळेबंदीत आमचा खेळ घरात अडकला आणि फोनवर मोठा झाला. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी आणि विनोदवीर समय रैना यांच्या थेट प्रक्षेपणांनी हजारो मुलं या खेळाकडे वळली. ऑक्टोबरात ‘द क्वीन्स गँबिट’ ही मालिका आली, तेव्हा तर माझ्या ऑफिसातले लोकही ओपनिंगांबद्दल विचारू लागले. त्याच लाटेत मी एका डिस्कॉर्ड गटात शिरले. बहुतेक मुलं पुण्या-नागपूरची, कॉलेजातली. सुरुवातीला तिथे डाव टाकले जायचे, कुणीतरी ‘इथे उंट का नाही मारलास?’ असं विचारायचं आणि रात्री उशिरापर्यंत त्या एका चालीवर वाद रंगायचा. त्या रात्री मला फार आवडायच्या.

मार्च २०२१ मध्ये मॅग्नस कार्लसन आणि हिकारू नाकामुरा या ग्रँडमास्टरांनी एका ऑनलाइन स्पर्धेत दुसऱ्याच चालीला आपापले राजे पुढे काढले आणि थोड्याच चालींत बरोबरी केली. पुढच्या फेरीतली जागा दोघांचीही पक्की झाली होती, त्यामुळे त्यांची ती गंमत मला समजू शकते. पण आमच्या गटात त्यानंतर दर डावात राजा दुसऱ्या चालीला बाहेर येऊ लागला. कुणी डाव टाकला की खाली चित्रं, वजीर गमावला की तेच ठरलेलं नाव, हत्ती गेला की तीच आरोळी. चालीवर बोलणारं कुणी उरलं नाही. मला हे आवडत नव्हतं, आणि आवडून घ्यायचीही गरज वाटली नाही. वय वाढल्यामुळे विनोद कळेनासा झाला, असं मला कुणीकुणी सुचवलं. मला ते मान्य नाही. विनोद कळतो, तोच पुन्हा पुन्हा आला की कंटाळा येतो, आणि तो कंटाळा विशीतल्या माणसालाही येऊ शकतो.

मी आधी सूचना बंद केल्या, मग चित्रांचा विभाग लपवला. थोडी शांतता मिळाली. शेवटी गट सांभाळणाऱ्या मुलाशी फोनवर बोलले. तो म्हणाला, ‘ताई, टाळेबंदीत मी हॉस्टेलवर एकटा अडकलो होतो. ह्या मीम्समुळेच मला मित्र मिळाले. डाव हरायचो मी, पण रोज कुणीतरी हसायला असायचं.’ त्याचं म्हणणं खरं होतं आणि ते ऐकल्यावर माझा राग बराच निवळला. त्या मुलांना तिथे सोबत हवी होती, मला बुद्धिबळ हवं होतं. दोन्ही गरजा खऱ्या, पण एका खोलीत नांदत नव्हत्या. त्यानं भल्या मनानं प्रश्नांसाठी वेगळा विभाग काढून दिला. आठवड्याभरात तिथेही ‘गुगल एन पासंट’ आलं.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टरही झाली. त्यानंतर गटात पालक येऊ लागले. एका आईनं विचारलं, ‘माझी मुलगी दिव्याला बघून खेळायला लागली आहे. आम्हाला दोघींनाही फार येत नाही. तिचं प्यादं असं कसं मारलं गेलं? ॲपमध्ये बिघाड आहे का?’ सोबत पटाचा फोटो होता. साखळी सुरू झाली ती थांबेचना. शेवटी त्या बाईंनी लिहिलं, ‘सॉरी, चुकीच्या जागी विचारलं वाटतं.’ मला त्या ‘सॉरी’ची फार चीड आली. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मी नियम मराठीत सविस्तर लिहिला, पटाची दोन चित्रं जोडली. रात्री त्यांचा निरोप आला, ‘कळलं. तिलाही कळलं. उद्या तीच मला मारणार म्हणते.’

मी गट सोडला तो त्याच आठवड्यात. भांडून नाही, त्या मुलाला सांगून. आता आम्ही थोडेजण लीचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर एका छोट्या टीममध्ये खेळतो. लीचेस देणग्यांवर चालतं, तिथे जाहिराती नाहीत, आणि झेन मोड लावला की पटाभोवतीची गप्पांची चौकट, गुणांक सगळं दिसेनासं होतं. आम्ही बहुतेक पत्रव्यवहाराचे डाव खेळतो, एका चालीला काही दिवसांची मुदत. परवाच एका डावात एक प्यादं कमी असताना मी फिलिडोरचा बचाव लावला. आपला हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीत धरून ठेवायचा, शत्रूचं प्यादं त्या ओळीत आलं की मगच तो थेट पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. त्याच्या राजाला लपायला जागाच उरत नाही. बरोबरी झाली. डाव संपल्यावर समोरच्या गृहस्थांनी आपलं नेमकं कुठे चुकलं त्यावर लांबलचक टिपण लिहून पाठवलं. त्या आई आणि त्यांची मुलगीही आता याच टीममध्ये आहेत.

तुम्ही कुठल्याही खेळाच्या गटात असाल, मीम्स टाकत असाल, तर खुशाल टाका. फक्त कुणी नवखं माणूस पहिल्यांदा काही विचारायला आलं, तर आधी त्याला उत्तर द्या.