आबांचं पाचट

ऑक्टोबरात मक्याची कापणी झाली की इथं आयोवात शेतं ओकीबोकी दिसतात. दाणे इथेनॉलच्या कारखान्यात जातात. ताटं नि पाला शेतातच उरतो. ह्या उरलेल्यातून इथेनॉल काढणाऱ्या एका लहानशा प्रायोगिक कारखान्यात मी काही वर्षं होतो.

आमचा ऊस कोल्हापूरकडचा. तोडणी झाली की पाचट पेटवायचं, ही तिकडची जुनी रीत. दर रविवारी फोनवर आबांचा एकच प्रश्न, "आमच्या पाचटावर चालंल का रं तुझं मशीन?"

"चालेल आबा, जरा थांबा."

कागदावर चालतच होतं. दाण्यातल्या पिष्टाची साखर सहज होते. ताटातलं सेल्युलोज म्हणजेही साखरेचीच साखळी, पण लिग्निनमध्ये घट्ट अडकलेली. आधी आम्ल आणि वाफेनं ती सैल करायची, मग एन्झाइमनं तोडायची. शिवाय त्यात झायलोज नावाची साखर निघते, ती नेहमीचं यीस्ट खात नाही. त्यासाठी यीस्ट वेगळं. हे सगळं जमलं होतं हो! नडली ती माती. गठ्ठ्यांबरोबर माती, खडे यायचे. पाती झिजायची, कन्व्हेअर तुंबायचा, आणि आम्ही एम.एस. झालेले इंजिनिअर फावडी घेऊन तो उपसायचो. शेतातून गोळा केलेल्या पाल्यात माती येणारच, हे आबांनी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. मी विचारलंच नाही.

आमचा कारखाना बंद पडला. मोठ्यांचंही फारसं वेगळं झालं नाही. एमेट्सबर्गचा २०१४ साली सुरू झाला, नेव्हाडा गावचा २०१५ साली. पहिल्यातलं व्यापारी उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, दुसऱ्यातलं २०१७ मध्येच. २००७ च्या कायद्यानं २०२२ साठी असल्या इंधनाचं १६ अब्ज गॅलनचं उद्दिष्ट ठेवलं होतं. प्रत्यक्षात पाल्या-काडाचं इथेनॉल त्याच्या एक टक्काही निघालं नाही.

त्याच २०२२ साली पानिपतला भाताच्या पेंढ्यावरच्या इंडियन ऑइलच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तंत्र आपल्या पुण्याच्या प्राजचं. मीच उत्साहानं आबांना फोन केला.

"बरं झालं की," आबा म्हणाले. "पर आमी आता पेटवत न्हाई. सरीत कुजवतो. तुज्या मशीनला द्यायला पाचट उरत न्हाई बघ."

मग त्यांनी इकडच्या थंडीची चौकशी केली.