सेव्ह केलं होतं का?

कुणाचं टाइप केलेलं उडालं की मी हाच प्रश्न विचारायचो. तो प्रश्न नव्हताच, निकाल होता. कंट्रोल-एस दाबायला कितीसा वेळ लागतो? तेवढंही ज्याच्याने होत नाही, त्याला स्वतःच्याच कामाची किंमत नाही, असं माझं पक्कं मत होतं. हे मत मी नव्या मुलांना न विचारता ऐकवत असे.

मत कमावलं होतं धंतोलीतल्या एका छापखान्यात, लोडशेडिंगच्या वर्षांत. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं नागपूरच्या उशाशी, तरी लाइट जायची ती आमचीच. श्रीलिपीत मजकूर, पेजमेकरमध्ये पानं, आणि यूपीएस किंचाळला की सगळ्यांची धावपळ. माझं काम मात्र फारसं कधी गेलं नाही. याचं श्रेय मी माझ्या शिस्तीला देऊन टाकलं होतं.

त्यामुळे ब्राउझरमध्ये लिहिण्याची सोय आली तेव्हा मी नाक मुरडलं. राइटली नावाचा 2005 सालचा तो प्रयोग गूगलने पुढच्याच वर्षी विकत घेतला आणि त्यातून गूगल डॉक्स झालं. त्यात सेव्हचं बटणच नाही! अक्षर उमटतं आणि आपोआप जतन होतं. माणसं सैलावणार, असं मी जाहीर करून टाकलं. नेट गेलं आणि ऑफलाइनची सोय आधी चालू केलेली नसली, की ते लिहूच देत नाही. याला मी तर चक्क माज म्हणायचो.

माझ्याकडे एक हुकमी गोष्टही होती, गीतारहस्याची. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात ते शिसपेन्सिलीने लिहिलं. 1914 मध्ये सुटका झाली, तेव्हा वह्या सरकारने तपासायला ठेवून घेतल्या. त्या परत मिळाल्या नाहीत तर ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहीन, असं टिळक म्हणाल्याचं सांगतात. ज्याचं लिखाण हरवलं त्याला मी ही गोष्ट सांगत असे. सांत्वन म्हणून नव्हे, खजील करायला.

निवृत्तीनंतर एका संस्थेच्या वेबसाइटचा मजकूर तपासायचं काम घेतलं. तिथे सगळे थेट ब्राउझरमधल्या संपादकात लिहायचे. एका मुलीने काटोलच्या संत्रा बागायतदारांवर मोठा लेख लिहिला. दुपारभर ती त्या चौकटीत टाइप करत होती. शेवटी ‘जतन करा’वर क्लिक केलं तर लॉगिनची मुदत संपल्याचं पान आलं. मागे गेली, तर चौकट रिकामी.

मी माझा प्रश्न विचारला.

“सर, जतन करायलाच तर गेले होते,” ती म्हणाली.

या उत्तराने तिथेच माझं तोंड बंद व्हायला हवं होतं. ते झालं नाही. तास तास सेव्ह न करता कोण बसतं, मजकूर आधी दुसरीकडे लिहून ठेवायचा असतो, आणि मग मंडालेसुद्धा. ती मान खाली घालून ऐकत राहिली. आज ते आठवलं की स्वतःचा आवाज नकोसा वाटतो.

छापखान्यातले आमचे जुने ऑपरेटर त्या दिवशी मला भेटायला आले होते, बाजूलाच बसले होते. ती गेल्यावर म्हणाले, “काहून बोलून राहिले साहेब तिले? तुमचं तरी कोण सेव्ह करे?”

“मीच की.”

“तुमी कायचे! पेजमेकर करे.”

मग त्यांनी समजावलं. पेजमेकर प्रत्येक वेळी पान बदललं की, नवं पान घातलं की, गुपचूप एक मिनी-सेव्ह करून ठेवायचा. लाइट येऊन फाइल उघडली की तिथवरचं काम शाबूत. शिफ्ट दाबून रिव्हर्ट दिलं की त्या मिनी-सेव्हवर परत जाता यायचं. मी पानाची वाट लावून चहाला गेलो की ते हेच करायचे. “तुमाले वाटे, आपुनच नीट केलं.”

मी वाद घातला. मग आठवायला लागलो. कुठल्या वेळी काय वाचलं होतं, आणि मी खरंच काही दाबलं होतं का? पानं तर मी सारखी उलटायचो, ती सवय होती. कंट्रोल-एस आठवेना. ज्या शिस्तीच्या जोरावर इतकी वर्षं लोकांना तासलं, तिच्यातली निम्मीअधिक एका सॉफ्टवेअरची होती. बरं, मला ते माहीतही नव्हतं, म्हणजे कृतज्ञतेचाही प्रश्न नाही. फुकटचा रुबाब होता तो.

मग त्या मुलीच्या चौकटीकडे नीट पाहिलं. पान बंद करताना ‘केलेले बदल कदाचित जतन होणार नाहीत’ असं ब्राउझर विचारतो, पण ते पान बनवणाऱ्याने तशी व्यवस्था केली असेल तरच. फोनवर तर मागे गेलेला टॅब कसलीही विचारणा न करता मारला जातो. टाइप होत असलेला मजकूर त्याच यंत्रात, ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात ठेवता येतो. मग लॉगिन संपो की नेट जावो, खर्डा राहतो. इथे कुणी ते केलं नव्हतं. मॅकिंटॉश प्रकल्प सुरू करणारे जेफ रास्किन यांनी तर 2000 सालच्या पुस्तकात संगणकाचा पहिला नियमच असा मांडला, की वापरणाऱ्याच्या कामाला त्याने इजा करू नये आणि गप्प राहून ती होऊही देऊ नये. डॉक्सचं ते लिहू न देणंही मग माज वाटेना. जे सांभाळता येणार नाही ते घेतच नाही, इतकंच.

टिळकांची गोष्टही मी अर्धीच सांगत होतो. सुटी पानं नव्हे, पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्याच त्यांना तुरुंगात दिल्या जात. नजर ठेवण्यासाठी केलेल्या त्याच बंदोबस्ताने एकेक पान जागेवर राहिलं. वह्या परत आल्या, 1915 मध्ये ग्रंथ छापला गेला. पुन्हा लिहायची वेळ आलीच नाही.

नजर ठेवण्याचं मात्र अजून खुपतं. डॉक्समधल्या आवृत्ती-इतिहासात जुनी रूपं राहतात, आणि ज्याला संपादनाचा हक्क आहे त्याला ती उघडून पाहता येतात. मी कुठलं वाक्य कधी लिहिलं आणि मग गाळलं, हे उद्या त्या मुलीलाही दिसेल. म्हणून पहिला खर्डा मी हल्ली वहीत लिहितो. ऑफिसमध्ये हे कुणाला सांगितलेलं नाही.