गेटवेच्या आधीची मुंबई

गावाकडून पाहुणे आले की मुंबई दाखवायचा रस्ता ठरलेला असतो. सीएसएमटीला उतरायचं, मान वर करून स्टेशनची इमारत बघायची, फोर्टातून रमतगमत राजाबाई टॉवर, मग गेटवे आणि ताज, वेळ उरला तर लाँचने घारापुरी, आणि दिवेलागणीला मरीन ड्राइव्ह. हा रस्ता सुंदर आहे. पण चालता चालता तो एक गोष्टही सांगत असतो आणि ती मला खुपते. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. बोरीबंदरच्या स्टेशनाचं काम त्याच वर्षी सुरू झालं. गेटवेचं उद्घाटन १९२४ चं आणि मरीन ड्राइव्हच्या गोलसर कोपऱ्यांच्या इमारती मुख्यतः त्यानंतरच्या दोन दशकांतल्या. घारापुरी सोडली, तर दिवसभर पायपीट करून पाहुण्यांनी पाऊणशे वर्षांची मुंबई पाहिलेली असते. परतीच्या गाडीत ते म्हणतात, काय शहर उभं केलंय इंग्रजांनी! त्याआधी काय होतं? सात बेटं, खाजण आणि कोळीवाडे. मुंबईत जन्म काढलेली माणसंही हेच सांगतात.

खरी जुनी मुंबई या रस्त्यावर नाही. ती लोकलच्या त्या स्टेशनांवर आहे, जिथे आपण फक्त चढतो आणि उतरतो. आणि गंमत अशी की गेटवेलाही हे ठाऊक आहे. त्याचा पिवळसर दगड मालाडकडच्या खारोडीचा. जवळच्या वस्तुसंग्रहालयाचा करडा दगड कुर्ल्याचा आणि पिवळा मालाडचा. ज्यांना बघायला जग येतं त्या वास्तू उपनगरांच्या टेकड्या फोडून उभ्या राहिल्या. टेकड्या बघायला मात्र कुणी जात नाही.

त्यातलीच एक अजून अंधेरी पश्चिमेला उभी आहे, गिल्बर्ट हिल. स्टेशनवरून रिक्षाने गेलं तर फार वेळ लागत नाही. वळणावळणाच्या गल्ल्या, दाटीची वस्ती, मग एकदम समोर सुमारे दोनशे फूट उंचीचा काळा सरळसोट कडा. कड्यावर उभ्या रेघा दिसतात. त्या रेघा नव्हेत, खांब आहेत. लाव्हा थिजताना आकसला, तडकला आणि असे उभे स्तंभ तयार झाले. वय साधारण सहा कोटी साठ लाख वर्षं, म्हणजे ज्या काळात सह्याद्रीचा काळा पत्थर थरावर थर साचत होता आणि पृथ्वीवरून डायनासोर नाहीसे होत होते, तो काळ. अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर नावाचा असाच स्तंभांचा डोंगर आहे आणि तो पाहायला लोक देशभरातून गाड्या घेऊन जातात. आपल्याकडे पायऱ्या चढून वर गेलं की गावदेवीचं देऊळ लागतं. आजूबाजूची टेकाडं खाणवाल्यांनी आणि बिल्डरांनी खाल्ली. गावदेवी माथ्यावर बसली होती म्हणून ही राहिली, असं मला तिथे उभं राहिल्यावर नेहमी वाटतं. कागदोपत्री संरक्षणाचं महत्त्व मी कमी लेखत नाही, पण रोज सकाळी पायऱ्या चढून येणाऱ्या बायांनी या दगडाला जितकं सांभाळलं, तितकं कुठल्या फलकाने सांभाळलं असेल असं वाटत नाही.

याच लाव्हाच्या दोन थरांमध्ये वरळीला एकदा गोड्या पाण्याचा गाळ साचला होता. त्यात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. सी-लिंकवरून वरळीची टेकडी दिसली की मला ते बेडूक आठवतात.

अंधेरीच्या पुढचं स्टेशन जोगेश्वरी. पूर्वेला उतरून गुंफेची वाट विचारली की कुणीही सांगतं. घरांच्या भिंती जिथे संपतात तिथे पायऱ्या खाली उतरू लागतात आणि दहा-बारा पावलांत हवा बदलते. आत लांबच लांब मंडप, खांबांच्या रांगा, मधोमध चारी बाजूंना दारं असलेला चौकोनी गाभारा. सहाव्या शतकातलं हे लेणं भारतातल्या सर्वांत मोठ्या हिंदू लेण्यांपैकी एक आहे. घारापुरीला आपण थक्क होऊन पाहतो तो मोकळा, सगळ्या बाजूंनी उजेड घेणारा मंडप आधी इथे आकाराला आला, असं बरेच अभ्यासक मानतात. वेरूळच्या धुमार लेण्याचा आराखडाही याच घराण्यातला. म्हणजे कोकणातल्या आणि देशावरच्या दोन थोर लेण्यांची पहिली मांडणी आपल्या स्लो लोकलच्या एका स्टेशनाजवळ झाली. द्वारपट्ट्यांवर शिवपार्वतीचं लग्न आहे, सारीपाटाचा डाव आहे, कैलास हलवू पाहणारा रावण आहे. इथला दगड भुसभुशीत, पावसाने तो इतका झिजवला आहे की काही चेहरे आता फक्त उजेड तिरका पडला तरच उमटतात. म्हणून सकाळी जावं.

आणि डोळे उघडे ठेवून जावं. लेण्याच्या डोक्यावर, अगदी छतावर, वस्ती आहे. सांडपाणी झिरपून भिंती ओल्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. याचा राग येतो, पण तो वस्तीतल्या माणसांवर काढणं मला पटत नाही. ज्यांना शहराने राहायला दुसरी जागा दिली नाही, तीच माणसं आत देवीपुढे उदबत्ती लावतात आणि पोरांना खांबांवर चढू देत नाहीत. लेणंही सुटेल आणि घरंही सुटतील अशी सोय करणं हे शहराचं काम आहे आणि शहराकडे पैसा नाही असं कुणी म्हणू नये.

बोरिवली पश्चिमेला मंडपेश्वर आहे, शंकराचंच लेणं. नटराजाचं शिल्प सुरेख. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात त्याचं चर्च केलं, वर मठ बांधला, एका शिल्पाच्या जागी मोठा क्रूस कोरला. १७३९ नंतर मराठ्यांचा अंमल आला. आज खाली पूजा चालते, वर मठाच्या पडक्या भिंती उभ्या आहेत आणि क्रूसही जागच्या जागी आहे. एकाच कातळावर इतकी सत्तांतरं दक्षिण मुंबईत कुठेही दिसत नाहीत.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सगळ्यांना माहीत, कान्हेरीची लेणी तितकीशी नाहीत, आणि जे जातात ते तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात फोटो काढून खाली येतात. त्यांनी आणखी वर चढायला हवं. शंभरहून जास्त लेणी, प्रत्येकाशेजारी पाण्याचं टाकं, कातळात कोरलेले पाट, एकातून दुसऱ्यात जाणारं पाणी. इथल्या शिलालेखांवर माझा फार जीव जडला आहे. राजांचे आहेत, पण मला ओढ लागते ती दुसऱ्याच नावांची. कल्याणच्या एका सोनाराने इथे टाकं दिलं. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. सोपाऱ्याच्या नागपालित नावाच्या मणिकाराने टाकं दिलं. कल्याण आणि सोपारा! आज या दोन्ही गावांतून रोज पहाटे लाखो माणसं डब्यात उभी राहून मुंबईत कामाला येतात. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी तिथला कारागीर आपल्या कमाईतून कान्हेरीच्या डोंगरात भिक्षूंना पाणी पाजत होता आणि आपलं नाव, धंदा आणि गाव दगडावर लिहून ठेवत होता. मुंबई परिसरातल्या कष्टकऱ्याचा याहून जुना पत्ता मला माहीत नाही.

नव्वदाव्या लेण्यात आणखी एक नवल आहे. इसवी सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये काही पारशी मंडळी इथे येऊन गेली आणि पहलवी लिपीत आपली नावं कोरून गेली. घोळक्याने आली असणार, कारण नावांची यादीच आहे. तोवर कान्हेरीचे सर्वांत भरभराटीचे दिवस सरले होते. तरीही कुणीतरी जंगल तुडवत, डोंगर चढून ही जागा बघायला आलं.

नालासोपारा म्हटलं की आज पाण्याचे टँकर, चाळी आणि दाराला लटकलेली गर्दी आठवते. पण शूर्पारक म्हणून हेच बंदर ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी या पंडिताने इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा शोधला आणि त्याच वर्षी स्तूप उकरला. लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी सम्राटाचा शब्द जिथवर पोचला पाहिजे असं पाटलिपुत्राला वाटत होतं, त्या गावांत सोपारा होतं.

भगवानलाल तयार झाले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली. मांद्र्याचा हा गोमंतकीय मुलगा मुंबईत डॉक्टर झाला, गरिबांना मोफत औषधं देत राहिला आणि उरलेल्या वेळात अजिंठ्याचे लेख वाचत राहिला. राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. तिथे अंगणात दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना तो कोसळून फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. आपल्या भूतकाळाकडे बघायच्या दोन रीती त्या एका आवारात शेजारी शेजारी आहेत, दगड उचलून नेणारी आणि दगड वाचणारी.

राणीच्या बागेतून परळ जवळच. बारादेवीचं देऊळ विचारत जावं. साधं, वस्तीतलं, मुद्दाम कुणी पाहायला येईल असं बाहेरून काही नाही. आतल्या एका खोलीत मात्र सुमारे साडेतीन मीटर उंचीची एकसंध शिळा उभी आहे. मधे शिव. त्याच्यातून वर उगवलेला दुसरा, त्याच्यातून तिसरा. आणि त्या मधल्या शिवांच्या दोन्ही अंगांनी, झाडाला फुटवे फुटावेत तसे, बाहेर झुकलेले चार. एकूण सात. तळाशी वाद्यं वाजवणारे गण, त्यातल्या काही आकृती अपुऱ्याच राहिल्या आहेत. इतक्या आकृती असूनही दगडाला जडपणा नाही, सगळं वर चढत चाललं आहे. पाचव्या-सहाव्या शतकातल्या या मूर्तीशी मांडता येईल अशी दुसरी मला कुठेच सापडली नाही. तिची प्लॅस्टरची प्रतिकृती फोर्टातल्या वस्तुसंग्रहालयात आहे. म्हणजे ठरलेल्या रस्त्यावर नक्कल, आणि अस्सल परळच्या गल्लीत, हार-फुलांसह. मला हे योग्यच वाटतं. तिला हलवू नये.

ही शिळा सापडली ती १९३१ मध्ये, रस्ता करण्यासाठी खणताना. कुदळ मारणारे मजूर होते. त्यांनी ती फोडून खडी केली नाही आणि परळकरांनी ती देवळात आणली, म्हणून आज ती आहे.

अलीकडे मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने आणि पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयाने साष्टी बेटावर गावठाणं पायी पालथी घातली. शेंदराखाली, पारांवर, शौचालयांच्या भिंतींना टेकून त्यांना मध्ययुगीन शिल्पं मिळाली, गधेगळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड, मिळाले. ज्या बेटावर जमिनीच्या वरच एवढं पडलेलं आहे, तिथे खाली काय असेल? आणि हा प्रश्न साष्टीपुरता नाही. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी जे टॉवर उठताहेत, त्यांचे पाये १९३१ च्या त्या रस्त्यापेक्षा कितीतरी खोल जातात. आणि आता खणणाऱ्याच्या हातात कुदळ नाही, जेसीबी आहे. त्याच्या केबिनमधून दगडावरची बोटं दिसत नाहीत. बांधकामाच्या परवानगीत जिन्याची रुंदी आणि पार्किंगची जागा लिहून घेतात, तशी अजून एक अट घालावी, की जुन्या गावठाणात पाया खणताना पुरातत्त्व शिकलेलं एक माणूस काठावर हजर असेल. असे विद्यार्थी दरवर्षी याच शहरात तयार होतात आणि त्यातल्या पुष्कळांना काम मिळत नाही.