ताट मोडा

मागच्या फेब्रुवारीत चार दिवस रिसोडला गेलो होतो. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स, सकाळी अंग आंबलेलं, आणि घरी पोचून चहाचा कप हातात येतो न येतो तोच वर्गमित्राचा फोन. हा आता मास्तर झालाय. म्हणाला, "गाडगेबाबा जयंतीची निबंध आन् चित्रकला स्पर्धा हाये शाळेत. परीक्षक पाहिजे. तू कॉम्प्युटरवाला माणूस, पोरायले बरं वाटंल." कॉम्प्युटरचा आणि निबंधाचा काय संबंध ते विचारायच्या आत त्यानं फोन ठेवला सुद्धा.

तर असा मी परीक्षक झालो. सोबतीला एक निवृत्त गुरुजी. समोर ४३ निबंध आणि त्याहून जास्त चित्रं.

चित्रांचं आधी सांगतो. सगळे गाडगेबाबा एकाच साच्यातले. डोक्यावर मडक्याची खापर, हातात खराटा, अंगावर चिंध्यांची गोधडी, आणि नजर थेट कॅमेऱ्यात. एका पोरीनं मात्र त्यांना पाठमोरं काढलं होतं. वाकून झाडतायत आणि बाजूला पारावर माणसं बसून नुसती बघतायत. चेहराच नसल्यामुळे गुरुजी जरा नाराज होते, पण पहिला नंबर तिलाच दिला.

निबंधांचं काय सांगू! आमच्या धंद्यात कॉपी-पेस्ट करतात तेव्हा निदान व्हेरिएबलचं नाव तरी बदलतात. इथे ४३ पैकी चाळीसेक निबंधांचं पहिलं वाक्य एकच. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. मग १९०५ साली घर सोडलं, दिवसा गाव झाडलं, रात्री कीर्तन केलं, पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा बांधल्या, आणि २० डिसेंबर १९५६ ला निधन. चूक काहीच नाही. पण वाचताना मला एकसारखा सर्व्हर लॉग आठवत होता.

आणि मग एक अर्ध्या पानाचा निबंध निघाला. पाचवीतली मुलगी. शाईचे डाग, ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणजे ते या स्पर्धेत बसले असते तर त्यांना बक्षीस मिळालं नसतं. पण स्पर्धा झाल्यावर सगळे घरी गेले असते आणि बाबांनी वर्ग झाडला असता.

बस. एवढंच.

मी म्हटलं, पहिला नंबर. गुरुजी म्हणाले, "माहिती कुठाय? जन्मतारीख सुद्धा नाही." थोडा वाद घातला. शेवटी उत्तेजनार्थ. मी फार ताणलं नाही, आणि त्याचं कारण मला आतून ठाऊक होतं. अस्सल निबंधाची बाजू घेणारा मी कोण?

कारण १९९४ साली याच गावात, याच जयंतीच्या स्पर्धेत, मी सातवीत असताना पहिला आलो होतो. तेव्हा वाशीम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोल्यात होतो. आणि तो निबंध लिहिला होता माझ्या ताईनं.

ताई बारावीला होती. तिची बोर्डाची परीक्षा तोंडावर. मी स्पर्धेच्या आदल्या रात्री रडारड केली, तेव्हा तिनं पुस्तक बाजूला ठेवलं आणि तासाभरात निबंध लिहून दिला. मी नुसता माझ्या अक्षरात उतरवला. त्यात बाबांच्या शिकवणीचं ते प्रसिद्ध सांगणं होतं, की जेवायचं ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. मला कळेना. म्हटलं, "ताई, ताट कसं मोडणार? वाकेल फार तर." ती हसून म्हणाली, "येड्या, मोडणं म्हंजे इकणं. घरातलं किडूकमिडूक इकून फी भरणं."

बक्षीस काय मिळालं माहितीये? स्टीलचं ताट! त्यावर माझं नाव कोरलेलं, खाली प्रथम क्रमांक. घरभर कौतुक. ताईही टाळ्या वाजवत होती.

ताईला पुढे डीएड करायचं होतं. बाहेरगावी मुलगी एकटी कशी ठेवायची, आणि पैसा तरी कुठाय, असं घरात ठरलं. मे महिन्यात तिचं लग्न झालं. पाच वर्षांनी मी इंजिनिअरिंगला अमरावतीला गेलो तेव्हा पैशाची सोय झाली. आईच्या पाटल्या गेल्या होत्या हे मला फार उशिरा कळलं. माझ्या डिग्रीवर नुसतं अमरावती विद्यापीठ असं आहे. पुढे त्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचंच नाव दिलं गेलं. कधीही शाळेत न गेलेल्या माणसाचं नाव आज हजारो पोरांच्या प्रमाणपत्रांवर असतं.

स्पर्धेहून घरी आलो तर आईनं त्याच ताटात जेवायला वाढलं. घास काही उतरेना. रात्री ताईला फोन लावला. म्हटलं, "तो निबंध आठवते का?"

"आठवते ना. तुले मोडणं समजत नोतं."

"ताई, ते ताट तुझं आहे. घेऊन येऊ का?"

"कायले? तुयं नाव हाये त्याच्यावर." मग जरा थांबून म्हणाली, "पोरीच्या नर्सिंगची फी भरली बरं का काल. माह्या पाटल्या मोडल्या." आवाजात दुःख बिलकुल नव्हतं. उलट परीक्षेत पहिली आल्यासारखी सांगत होती.

मला पुढे काही बोलता आलं नाही. असो.

दुसऱ्या दिवशी निघताना मास्तर मित्राला एक सुचवलं. पुढच्या वर्षी 'गाडगेबाबा : जीवन व कार्य' हा विषय नको. पोरांना वर्गात बसवून विचार, तुमच्या घरात कोणाच्या शिक्षणासाठी काय मोडलं? आणि कोणाच्या शिक्षणासाठी मोडलं नाही? हे कुठल्या गाईडात सापडायचं नाही. घरीच विचारावं लागेल.

तो म्हणाला, "लोकायच्या घरी भांडणं लागतीन ना बे!"

लागू देत. तीस वर्षं उशिरा लागण्यापेक्षा बरं.