जादाची ताटली

किंग्ज सर्कलच्या ज्या उडुपी हॉटेलात आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी जातो, तिथल्या अण्णांना आमची ऑर्डर पाठ आहे. लेकीच्या आबांना इडली-सांबार, तिच्या बाबाला मेदूवडा, आणि लेकीत न् माझ्यात मिळून एक मसाला डोसा. सोबत एक रिकामी ताटली. ती कधी मागावी लागली नाही. डोशाच्या आधीच यायची, नुकती धुतलेली, काठावर पाण्याचे थेंब असलेली. अण्णा ती लेकीपुढे ठेवायचे आणि फडक्याने एकदा पुसून घ्यायचे.

गेल्या पावसाळ्यात तिने ती ताटली दोन बोटांनी पुढे सरकवली.

"अण्णा, मला अख्खा डोसा. आईला काय हवं ते तिला विचारा."

अगदी सहज म्हणाली. पाणी प्यायली, छत्री खुर्चीला अडकवली. अण्णा माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हाला काय देऊ?"

आणि मला उत्तर सुचेना. भिंतीवरच्या फलकावर पदार्थांची दोन रकाने भरून नावं होती, ती मी वाचत बसले. साधा, मसाला, म्हैसूर, रवा, उत्तप्पा. यातलं मला काय आवडतं? दहा वर्षं मी या टेबलाशी बसून खात आले होते, पण माझ्यासाठी म्हणून काही मागवलंच नव्हतं. डोसा तिचा असायचा. मी त्यातलं खायचे.

डोसा वाटून घेण्याचीही एक रीत पडून गेली होती. ताटाबाहेर दोन्हीकडून टोकं डोकावणारी ती लांब गुंडाळी आली की मी चमच्याच्या कडेने तिचे भाग करायची. टोकं कुरकुरीत, तव्यावर पीठ पातळ पसरत गेलं तिथे जाळी पडलेली, तांबूस, ती तिची. मधला भाग बटाट्याच्या भाजीने ओलावलेला, मऊ, थोडा जड, तो माझा. ती तीन वर्षांची होती तेव्हा तळहाताएवढा तुकडा तिला पुरायचा आणि तोही अर्धा माझ्याकडे परत यायचा, चटणीत बुडवून, मग 'तिखट' म्हणून नाकारून. पाचव्या वर्षी एक टोक. आठव्या वर्षी दोन्ही टोकं आणि थोडी भाजी. दहाव्या वर्षी मला मधली चार बोटं उरायची. तिच्या वाढीची नोंद कुणी नेमाने ठेवली असेल, तर ती त्या डोशाने. दरवेळी माझ्याकडची बाजू बोटभर आत सरकत होती आणि मला ते दिसत नव्हतं. घरी गेल्यावर पुन्हा भूक कशी लागते, एवढंच नवल वाटायचं.

मूल जेवायला लागतं ते मुळात दुसऱ्यांच्या घासांवर. उष्टावणाला मामाने तिच्या ओठांना खीर लावली, तेव्हा तिने जीभ बाहेर काढून ती सगळी हनुवटीवर आणली होती. मग मऊ भात, वरण, तुपाची धार. चिऊचा घास, काऊचा घास, आबांचा घास, खिडकीतल्या मांजरीचा घास. सगळ्या जगाच्या नावाने तिने खायचं, आणि वाटीत उरलेलं आईने पुसून घ्यायचं. उरलेलं टाकायचं नाही, हे आपल्या हाडांत मुरलेलं असतं. त्यामुळे बाळाची वाटी आणि आईचं जेवण यांच्यामधली रेघ पहिल्याच वर्षी पुसली जाते आणि पुढे कित्येक वर्षं कुणी ती परत ओढत नाही.

हॉटेलांनाही हे ठाऊक असतं. थाळीच्या हॉटेलात पाटी असते, 'एका थाळीत दोघांना जेवता येणार नाही', आणि तिच्याखाली लहान मुलांच्या थाळीचा वेगळा दर. मॉलमधल्या हॉटेलांत मुलांसाठी वेगळं कार्डच येतं, त्यावर रंगवायला हत्ती आणि सोबत चार खडू. बारा वर्षांच्या आतल्यांसाठी, असं खाली बारीक अक्षरांत. छोटा पिझ्झा, छोटा पास्ता, हसऱ्या चेहऱ्यांचे बटाटे. तिने हत्ती रंगवणं कधी थांबवलं, ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की एकदा तिने ते कार्ड न उघडता उलटं ठेवलं आणि माझ्या हातातलं मोठं कार्ड माझ्या खांद्यावरून वाचायला लागली. तिचा श्वास माझ्या कानाशी होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या दिवशी अण्णांसमोर मला माझी आई आठवली. कोल्हापूरहून पुण्याला मामाकडे जाताना आमची एसटी कराडच्या स्टँडवर थांबायची. कँटीनमध्ये आई एक मिसळ घ्यायची आणि वर चार पाव. मिसळ दादाच्या आणि माझ्या मध्ये. फरसाण मऊ पडायच्या आत आम्ही दोघं ते संपवायचो, मटकीसाठी चमच्याची लढाई करायचो, आणि मग खाली उरलेला रस्सा आई चौथ्या पावाने टिपून घ्यायची. पाव बशीच्या कडेने गोल फिरवायची, एकही तांबडा थेंब राहू द्यायची नाही. बशी धुतल्यासारखी दिसायची. "तू का नाही घेत?" असं आम्ही विचारलं की ती म्हणायची, "मला भूक नाही रे." आम्हाला ते खरं वाटायचं. आईला भूक नसते, असंच आम्ही धरून चाललो होतो, जसं आईला थंडी वाजत नाही किंवा आईला झोप येत नाही.

तिला भूक होती. चौथा पाव तिने मागवला होता तो त्यासाठीच. हे कळायला माझ्या लेकीला तिच्यापुढची ताटली दूर सारावी लागली.

आणखी एक गोष्ट त्या कराडच्या बशीत होती, ती मला फार उशिरा दिसली. आमच्या घरी तिसरी पोळी दादाला न विचारता वाढली जायची. "वाढत्या अंगाचा आहे," आजी म्हणायची. मला विचारलं जायचं, "हवीय का?" त्या 'हवीय का'मध्ये 'नको' हे उत्तर आधीच घालून ठेवलेलं असायचं. घरात खायला कमी नव्हतं, कुणी माझ्यावर राग धरत नव्हतं. नुसती सवय. वाढतं अंग मुलाचं असतं, मुलगी वाढते ती नजरेला, ताटाला नव्हे, अशी एक समजूत भांड्यांच्या मांडणीसारखी घरात कायमची लावलेली होती.

अंग मात्र समजूत जुमानत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशी मी घरी येऊन काढून पाहिल्या. दहा ते बारा वर्षांच्या मुलीला दिवसाला २०६० किलोकॅलरी लागतात. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला २४००. आणि माझ्यासारख्या, दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईला १६६०. म्हणजे ज्या वर्षी मी तिला अर्ध्या डोशाची समजत होते, त्या वर्षी तिची भूक माझ्या भुकेहून चारशेने मोठी होती. ताटली चुकीच्या माणसापुढे ठेवली जात होती. याच वयात मुलगी झपाट्याने उंच होते, पाळी येते, रक्त जातं आणि ते भरून यायला लोह लागतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणीस वयाच्या दर शंभर मुलींमागे एकोणसाठ जणींना रक्तक्षय आढळला. त्यामागे गरिबी आहे, अन्नातली कसर आहे, बरंच काही आहे. पण आकडा वाचताना मला आजीचं 'हवीय का' ऐकू आलं. मुलगी लहान ताटातून मोठ्या ताटाकडे जायला निघते, त्याच वळणावर कुणीतरी तिला विचारतं, आणि ती नको म्हणते.

माझी लेक नको म्हणाली नाही. तिने मागितलं. भर हॉटेलात, मोठ्याने, अण्णांना. तिला लाज वाटली नाही, आणि वाटावी असं तिला कुणी शिकवलं नव्हतं, याचा मला त्या क्षणी झालेला आनंद अजून ताजा आहे.

दिवाळीत आम्ही तिघी कोल्हापूरला एसटीने निघालो, आई, मी आणि ती. ती नुकती बारा वर्षं पूर्ण करून तेराव्यात गेली होती. माझ्या लहानपणी बारा हे वय आमच्या घरी सणासारखं आणि संकटासारखं एकदमच यायचं, कारण पाच ते बारापर्यंतच अर्धं तिकीट. कंडक्टर टोकदार नजरेने माझी उंची मोजायचा आणि आई म्हणायची, "बारावं चालू आहे, पूर्ण नाही झालं." मी आपसूक खांदे पाडून बसायची, मांडीवरची पिशवी पोटाशी धरून. लहान दिसणं हे माझं काम होतं. आता कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं, हातातल्या यंत्राची बटणं दाबली आणि तिकिटं फाडून दिली. आईचं मोफत, पंच्याहत्तरी पार केलेल्यांचं. माझं अर्धं, मार्च २०२३पासून सगळ्या बायकांना मिळतं तसं. आणि लेकीचंही अर्धंच. बारा वर्षं उलटली तरी तिच्या हातातलं तिकीट बदललं नाही, फक्त त्यामागचं कारण बदललं. तिला खांदे पाडावे लागले नाहीत. ती खिडकीशी ताठ बसली होती, गुडघे समोरच्या सीटला टेकत होते.

कराडला गाडी थांबली. आम्ही तीन मिसळी घेतल्या. आईने तिच्यातली अर्धी खाल्ली आणि बशी सवयीने नातीकडे सरकवू लागली. नात म्हणाली, "आजी, मला माझी आहे. तू सावकाश खा, गाडीला वीस मिनिटं आहेत." आई थोडा वेळ त्या बशीकडे पाहत राहिली. मग चमचा उचलून पुन्हा खायला लागली. पाठीशी गाड्यांच्या सूचना चालल्या होत्या, इचलकरंजी, सांगली, विटा, आणि माझी आई आयुष्यात पहिल्यांदा कराडच्या स्टँडवर एक पूर्ण मिसळ खात होती.

पण त्या पहिल्या रविवारी, अण्णांसमोर, मला अजून हे काही पुढचं माहीत नव्हतं. मी फलक वाचत होते आणि अण्णा हातातलं फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन थांबले होते.

"मसाला डोसाच द्या," मी म्हणाले. "मलाही. अख्खा."

तेवढ्यात आबा म्हणाले, "मला एकच इडली बास. हल्ली दुसरी उतरत नाही." प्लेटमध्ये इडल्या दोन येतात. अण्णांनी टेबलावर पडून राहिलेली ती रिकामी ताटली उचलली आणि आबांपुढे ठेवली. एक इडली तिच्यात घेतली, सांबार वाटीत वेगळं. दुसरी इडली लेकीने कुणी सांगायच्या आत आपल्याकडे ओढली. ताटली टेबलावरून गेली नव्हती. टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला गेली होती. एके काळी आबा इथे पानावरचं जेवण सांबार-रस्समच्या तीन फेऱ्यांसह जेवून, वर ताकाचा पेला रिचवून, माटुंगा स्टेशनपर्यंत चालत जायचे. स्टेशनाजवळच्या रामा नायकांच्या खानावळीत, १९४२पासूनच्या, मर्यादित ताट आणि पोटभर केळीचं पान असे दोन प्रकार मिळतात. आबा नेहमी पानाचे. लेक आता त्यांना म्हणते, "आबा, पुढच्या वेळी आपण तिथे जाऊ. मी पान घेणार, तुम्ही ताट घ्या." ते हसून मान हलवतात. भूक एका अंगातून ओसरते तेव्हा ती दुसऱ्या अंगात भरत असते; एकाच टेबलावर हे दोन्ही पाहायला मिळालं, याहून मोठं भाग्य मला मागता येणार नाही.

डोसे आले. तिचा आणि माझा, शेजारी शेजारी, चार टोकं ताटांबाहेर. मी सवयीने मधूनच सुरुवात केली. भाजीचा मऊ भाग खाल्ला, मग त्याच्या बाजूचा, आणि टोकं तशीच राहिली. तिचं ताट तोवर रिकामं झालं होतं, आबांची इडलीही गेली होती. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं. त्या जाळीदार तांबूस काठांकडे पाहिलं. माझा हात ताट सरकवायला निघालाच होता.

"आई," ती म्हणाली, "मला भूक आहे अजून. मी एक साधा डोसा सांगू?"

"सांग की," मी म्हणाले.

तिने अण्णांना हाक मारली. मी ताट माझ्याकडे ओढून घेतलं आणि एक टोक मोडलं. ते कानाला ऐकू येईल असं तुटलं. तुपाचा वास होता, कडेला किंचित जळकी चव, मीठ नेमकं. मी दोन्ही टोकं सावकाश खाल्ली.